ग्लस्टर व्हॉल्यूम माउंट करण्यापूर्वी

ग्लस्टर म्हणजे अनेक सर्व्हरांच्या डिस्क जोडून एकच सामायिक साठा, म्हणजे व्हॉल्यूम, बनवणारी फाइल सिस्टिम. हा व्हॉल्यूम क्लायंटवर, म्हणजे तो वापरणाऱ्या मशीनवर, चढवायला (माउंट करायला) एका ओळीची कमांड पुरते, आणि म्हणूनच त्याआधीची कामं राहून जातात. एनएफएसची, म्हणजे एकाच सर्व्हरमधून सगळ्या फाइली घेण्याची, सवय असलेल्यांनी एक गोष्ट आधी नीट समजून घ्यावी. कमांडमध्ये ज्या सर्व्हरचं नाव देतो, त्याच्याकडून क्लायंट फक्त व्हॉलफाइल, म्हणजे व्हॉल्यूमची रचना, मागून घेतो. पुढे कुठली फाइल कुठल्या ब्रिकवर, म्हणजे सर्व्हरवरच्या साठवणीच्या फोल्डरवर, हे तो फाइलच्या नावाच्या हॅशवरून (नावातून काढलेल्या आकड्यावरून) स्वतःच ठरवतो आणि प्रत्येक ब्रिकशी थेट बोलतो. तीन प्रती ठेवायच्या असतील तर तिन्हीकडे लिहिणाराही तोच. हे सगळं कर्नलच्या बाहेर, फ्यूजच्या (साध्या प्रोग्रॅमला फाइल सिस्टिम चालवू देणाऱ्या सोयीच्या) आधाराने चालणाऱ्या एका प्रोसेसमध्ये घडतं. त्यामुळे खालची बहुतेक तपासणी क्लायंटवर बसूनच करायची.

पहिलं काम नावांचं. व्हॉलफाइलमध्ये सर्व्हर ज्या नावांनी नोंदवलेले असतात, ती सगळी नावं या क्लायंटवरून योग्य आयपीकडे जातात का, ते एकेक करून बघा. कमांडमध्ये आयपी लिहून हे टळत नाही, कारण व्हॉलफाइलमध्ये पुन्हा नावंच येतात. मग फायरवॉल: २४००७ हा व्यवस्थापनाचा पोर्ट, आणि ४९१५२ पासून पुढे साधारणपणे प्रत्येक ब्रिकला एकेक. ब्रिक पुन्हा सुरू झाली की तिचा पोर्ट बदलू शकतो, म्हणून आज दिसतात तेवढेच पोर्ट न उघडता पूर्ण पट्टा उघडा.

इथे जरा थांबा, कारण सगळ्यात वाईट बिघाड इथेच लपतो. तीनपैकी एका ब्रिकपर्यंत क्लायंट पोहोचत नसला तरी माउंट बिनतक्रार होतो. फाइली दिसतात, लिहिताही येतात. लिखाण मात्र दोनच ठिकाणी जातं आणि तिसरी प्रत सर्व्हरवरची सेल्फ-हील (प्रती आपोआप जुळवणारी) यंत्रणा मागाहून भरत बसते. दोनच प्रतींचा व्हॉल्यूम असेल आणि दोन क्लायंट वेगवेगळ्या ब्रिकला मुकले असतील, तर थेट स्प्लिट-ब्रेन, म्हणजे दोन प्रती वेगळ्या आणि खरी कुठली ते ठरवता येत नाही. म्हणून माउंट झाल्याबरोबर सर्व्हरवर व्हॉल्यूम स्टेटस या कमांडला क्लायंट्सचा पर्याय जोडून चालवा आणि प्रत्येक ब्रिकखाली नव्या क्लायंटचा आयपी आहे का, ते डोळ्यांनी बघा. एका जरी ब्रिकखाली तो नसेल तर काम पुढे नेऊ नका.

नेटवर्कचा हिशेबही आधीच मांडा. एक गिगाबिटची जोडणी म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १२५ मेगाबाइट. तेच बाइट तीनदा पाठवायचे, म्हणजे लिहिण्याचा वेग चाळिशीच्या आसपास अडकणार. मागणी त्याहून मोठी असेल तर दहा गिगाबिटचं बोलणं आताच करा.

फ्यूज २००५ पासून, म्हणजे २.६.१४ पासून, लिनक्स कर्नलमध्येच आहे, त्याची चिंता नको. कंटेनरच्या आत माउंट करणार असाल तर मात्र फ्यूजचं डिव्हाइस आणि माउंटची परवानगी आत द्यावी लागते. क्लायंटच्या पॅकेजची आवृत्ती सर्व्हरशी जुळवा. क्लस्टरची ऑप-व्हर्जन (त्यात चालू असलेल्या सुविधांची पातळी) क्लायंटला झेपत नसेल तर जोडणीच नाकारली जाते. रेड हॅटच्या व्यावसायिक आवृत्तीचा आधार २०२४ अखेर संपला, त्यामुळे पॅकेज कुठून येतंय आणि पुढच्या दुरुस्त्या कुठून येणार, हे लिहून ठेवलेलं बरं.

ज्या फोल्डरवर माउंट करायचं, तो माउंट करण्याआधीच इम्युटेबल (त्यात काही लिहिता येणार नाही असा) करून टाका. एखाद्या दिवशी माउंट झालंच नाही, तर ॲप्लिकेशन गुपचूप मूळ डिस्कवर लिहीत बसण्याऐवजी लगेच एरर देईल. ही सवय मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. एफएसटॅबच्या (बूट होताना काय माउंट करायचं त्या यादीच्या) ओळीत नेटडेव्हचा, म्हणजे नेटवर्क आल्यावरच माउंट करायला सांगणारा, पर्याय हवा, आणि व्हॉलफाइलसाठी पर्यायी सर्व्हरांची नावंही, नाहीतर पहिला सर्व्हर बंद असताना रीबूट केलेला क्लायंट तसाच बसून राहील. एसईलिनक्स (लिनक्सचा परवानग्यांचा जादा पहारा) चालू असून वेबसर्व्हरला हा डेटा वाचायचा असेल, तर फ्यूज वापरण्याचं त्याचं बूलियन (चालू-बंद सेटिंग) चालू करा. फाइली शोधणाऱ्या लोकेट कमांडची यादी बनवणाऱ्या अपडेटडीबीला हा माउंट वगळायला सांगा, नाहीतर प्रत्येक क्लायंट रोज सगळं झाड पालथं घालतो.

शेवटी रंगीत तालीम. एका सर्व्हरची नेटवर्क केबल काढा. पिंग-टाइमआउट (उत्तर न देणाऱ्या सर्व्हरची वाट बघण्याचा वेळ) मुळात ४२ सेकंदांचा असतो आणि तोवर वाचणं-लिहिणं गोठू शकतं. ॲप्लिकेशन तेवढं थांबतं का, ते आत्ता कळू द्या. सर्व्हर रीतसर बंद केला तर टीसीपी जोडणी लगेच तुटते आणि ही वाट बघावी लागत नाही, म्हणून केबल काढूनच बघा. केबल परत लावून हील पूर्ण झालं की क्लायंटची ग्लस्टर प्रोसेस मुद्दाम मारा. ‘ट्रान्सपोर्ट एंडपॉइंट इज नॉट कनेक्टेड’ असा एरर येईल. लेझी अनमाउंट (वापरात असला तरी माउंट लगेच सोडवणं) करून पुन्हा माउंट करा आणि माउंटच्या नावाने असलेला लॉग वाचा. मॉनिटरिंगमध्ये नुसती माउंटची नोंद तपासू नका, कारण प्रोसेस मेली तरी ती तशीच दिसते. एक छोटी फाइल ठरलेल्या वेळात वाचून होते का, ते तपासणारी स्क्रिप्ट लावा.