हेड उतरवण्याआधी कॅम चेन बांधून घ्या

जुन्या स्प्लेंडरसारख्या गाडीचे हेड (इंजिनाचा वॉल्व्ह असलेला वरचा भाग) आणि ब्लॉक (पिस्टन ज्यात वर-खाली होतो तो सिलिंडर) सोसायटीच्या पार्किंगमध्येही उतरवता येतात. मात्र इंजिन पूर्ण थंड असताना मॅग्नेटवरची (क्रँकच्या टोकावरील चुंबकी चाकावरची) ‘टी’ खूण जुळवून पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणावा आणि हेडचे नट तिरप्या क्रमाने, थोडे थोडे करत सैल करावेत. कॅम स्प्रॉकेट (वॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमचे दातेरी चाक) काढताना त्यावरची कॅम चेन तारेने वर बांधावी, नाहीतर ती खाली घसरते. ब्लॉक निघताच क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या पेटीच्या) तोंडात धागे न सुटणारे स्वच्छ कापड घट्ट बसवावे, कारण पिस्टन काढताना गजनपिनची (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या पिनेची) सर्क्लिप, म्हणजे तिला अडवणारी तारेची कडी, पक्कडीतून उडते आणि उडाली की हटकून त्याच भोकात जाते. बोअरवर (ब्लॉकच्या आतल्या गोल भिंतीवर) नखाला अडकणारा ओरखडा असेल, तर पिस्टनवर नुसत्या नव्या रिंगा घालणे म्हणजे पैसे वाया घालवणे. ब्लॉक ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एखाद्या इंजिन बोअरिंगवाल्याला दाखवावा. ठाण्याच्या पावसाळी हवेत बिडाच्या उघड्या बोअरला लवकर गंज चढतो, म्हणून त्यावर आधी इंजिन ऑइलचा हात फिरवावा. जोडताना पिस्टनवरील ‘आयएन’ खूण इनटेक वॉल्व्हकडे ठेवावी, रिंगांची तोंडे एका रेषेत येऊ देऊ नयेत आणि जुने गॅस्केट कितीही धड दिसले तरी नवेच घालावे.