न्यू जर्सीत लिबर्टीच्या मॅचेस टीव्हीवर कशा बघाव्यात

मे महिना लागला की ओळखीच्या बायका विचारायला लागतात, "अगं, आज लिबर्टीची मॅच कुठे लागणार?" आमच्या एडिसनमध्ये शाळेच्या टीममधून बास्केटबॉल खेळणाऱ्या मराठी मुली आहेत आणि त्यांच्या आयांनाही हा खेळ नीट बघायचा असतो. अडचण अशी की न्यूयॉर्क लिबर्टी या बायकांच्या बास्केटबॉल टीमच्या सगळ्या मॅचेस एकाच चॅनेलवर कधीच नसतात. म्हणून टीमच्या नावाने रिमोट फिरवत बसू नका. आठवड्याचं वेळापत्रक रविवारीच काढा आणि प्रत्येक मॅचसमोर चॅनेल लिहून ठेवा.

शुक्रवार असेल तर आधी आयॉन बघा. 2023 पासून शुक्रवारच्या रात्री हे चॅनेल डब्ल्यूएनबीए, म्हणजे लिबर्टी खेळते ती बायकांची व्यावसायिक बास्केटबॉल लीग, दाखवतं आणि त्याला केबलचं बिल लागत नाही. खिडकीपाशी साधा अँटेना लावा, टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन चॅनेल स्कॅन करा. आपल्या भागात आयॉन 31 वर येतं. त्याच स्कॅनमध्ये सीबीएस 2, एनबीसी 4 आणि एबीसी 7 ही चॅनेलंही मिळतात. लिबर्टीच्या स्थानिक मॅचेस 2024 पासून फॉक्स 5 आणि माय 9 वर आल्या, त्याही फुकटच. ईएसपीएनला मात्र केबल किंवा स्ट्रीमिंगचं पॅकेज घ्यावंच लागतं. 2026 पासून डिस्ने, एनबीसीयुनिव्हर्सल आणि ॲमेझॉन यांच्याशी लीगचा 11 वर्षांचा करार आहे, तेव्हा प्राइमवरही नजर असू द्या.

लीग पास, म्हणजे मॅचेस ऑनलाइन दाखवणारी लीगची पैसे भरून घ्यायची सेवा, घेताना एक गोष्ट लक्षात घ्या. इंडियाना किंवा लास वेगासच्या मॅचेस बघायच्या असतील तर तो छान आहे, पण लिबर्टी आपल्याकडची स्थानिक टीम असल्यामुळे तिच्या मॅचेस त्यावर आपल्याला लाइव्ह दिसत नाहीत. फक्त लिबर्टीसाठी पैसे भरू नका.

आता रेकॉर्डिंग. याबद्दल मी सगळ्यांच्या मागे लागते. डीव्हीआर, म्हणजे टीव्हीचे कार्यक्रम रेकॉर्ड करणारं यंत्र, गाइडमध्ये लिहिलेल्या वेळेला सुरू होतो आणि त्याच वेळेला थांबतो; मॅच संपली की नाही हे त्याला कळत नाही. खेळ 40 मिनिटांचाच, पण टाइमआउट, फाउल, जाहिराती धरून दोन तास सहज जातात. म्हणून शेवटाला निदान एक तास वाढवून ठेवा. 20 ऑक्टोबर 2024 ची फायनलची पाचवी मॅच आठवा. मिनेसोटा पुढे होती, 5.2 सेकंद उरले असताना लिबर्टीच्या ब्रियाना स्टुअर्टने दोन फ्री थ्रो (फाउलमुळे मिळणारे, कोणी न अडवता टाकायचे शॉट) टाकून 60-60 केलं आणि मॅच ओव्हरटाइममध्ये, म्हणजे जादा वेळेत, गेली. लिबर्टी 67-62 ने जिंकली. 1997 पासून खेळणाऱ्या आणि पाच फायनल हरलेल्या टीमचं ते पहिलं विजेतेपद! अशा रात्री शेवटची पाच मिनिटं रेकॉर्डिंगमधून गेली तर जीव हळहळतो.

शिवाय आधीची मॅच लांबली तर ईएसपीएन आपल्या मॅचची सुरुवात दुसऱ्या चॅनेलवर हलवतं. पडद्यावरची पट्टी वाचा, लगेच तिकडे जा, आणि रेकॉर्डिंग लावायचं असेल तर दोन्ही चॅनेलांवर लावा.

बघताना सुरुवातीला स्कोअरशेजारच्या दोनच आकड्यांकडे लक्ष द्या. एक शॉट क्लॉक, 24 सेकंदांचं; तेवढ्या वेळात टीमला शॉट टाकावाच लागतो. ते सातच्या खाली आलं की खेळाडूंची घाई दिसायला लागते. दुसरा टीम फाउलचा आकडा. क्वार्टरमधल्या पाचव्या फाउलपासून समोरच्या टीमला फ्री थ्रो मिळतात, मग बचाव करणाऱ्या मुली हात आखडता घेतात.

आणि कॅमेरा चेंडूमागे धावतो, तुम्ही धावू नका. लिबर्टीच्या सब्रिना आयोनेस्कूने तीन पॉइंटचा शॉट टाकला की रीप्लेमध्ये तिच्याच टीममधल्या जॉनक्वेल जोन्सला शोधा. कित्येकदा तिनेच आडवं उभं राहून सब्रिनाच्या मागे लागलेली समोरच्या टीमची मुलगी अडवून धरलेली असते. ते एकदा दिसलं की मुलीला सांगा, आणि पुढच्या प्रॅक्टिसला तिला तसंच उभं राहून बघू दे.