फ्लामेंको ऐकायला जाताय? आधी घरी बारा मोजायला शिका

आमच्या गावच्या भजन मंडळात मी तेवीस वर्षांपासून खंजिरी वाजवते. गाव मोझरीपासून वीसेक किलोमीटरवर, त्यामुळं तुकडोजी महाराजांची भजनं आणि खंजिरी लहानपणापासून कानावर. मुलगी शिकायला स्पेनमध्ये सेव्हिलला गेली, तिच्याकडं दोन महिने राहण्याचा योग आला आणि फ्लामेंको पोटभर ऐकता आलं. परत आल्यापासून नात्यागोत्यातली, ओळखीतली माणसं विचारतात, तिकडं गेलो तर कुठं जायचं, काय बघायचं? माझं म्हणणं असं की तयारी इथूनच करून जा.

आपल्याला वाटतं, फ्लामेंको म्हणजे झालरीचा घागरा आणि पायांचे ठेके. पण त्याचे तीन भाग आहेत: कांते म्हणजे गाणं, तोके म्हणजे गिटार आणि बाइले म्हणजे नाच. जाणती माणसं मान देतात ती आधी गाण्याला. कित्येक बैठकींत नाच नसतोच.

हे सगळं पेलून धरतो तो ताल. त्याला ते कोंपास म्हणतात. सोलेआ नावाच्या प्रकारात बारा मात्रा असतात आणि जोर येतो 3, 6, 8, 10 आणि 12 वर. कागदावर एक ते बारा लिहा, या पाच आकड्यांभोवती गोल करा आणि मोठ्यानं मोजत तेवढ्याच ठिकाणी टाळी द्या. आपल्या एकतालातही बाराच मात्रा, पण दोन-दोनच्या सारख्या खणांच्या. इथं आधी तीन-तीनचे दोन खण, मग दोन-दोनचे तीन. म्हणून तबल्याची सवय असलेला माणूस सहाच्या पुढं हमखास अडखळतो. मीही आठवडाभर अडखळले. शेवटी पोळ्या लाटताना तोंडानं मोजायला लागले तेव्हा कुठं तो अंगात उतरला. बुलेरिया नावाच्या प्रकारात याच बारा मात्रा इतक्या वेगानं धावतात की सुरुवातीला काही हाती लागत नाही. ज्याला बाराची धास्ती वाटते त्यानं तांगोस या प्रकारापासून सुरुवात करावी. त्यात चारच मात्रा असतात, आपल्या केरव्याच्या कानाला तो लवकर ओळखीचा होतो. (अर्जेंटिनातल्या जोडीनं नाचायच्या टँगोशी याची गल्लत करू नका.)

इतकं शिकून गेलात तरी तिथं टाळी वाजवू नका. पहिल्याच संध्याकाळी मला राहवलं नाही. खंजिरीचा हात, तो सुरू झाला. शेजारच्या आजीबाईंनी माझ्या मनगटावर हळूच हात ठेवला आणि बोट ओठांवर नेलं. टाळी हे तिथं वाद्यच आहे, पाल्मास म्हणतात त्याला. गाणं सुरू असताना तळवे खोलगट करून दबका आवाज काढतात, ताल चढला की एका हाताची बोटं दुसऱ्या तळव्यावर आपटून खणखणीत. दोघं वाजवणारे असले तर एक मात्रेवर आणि दुसरा मधल्या जागेवर देतो. त्यात आपली एक चुकार टाळी पडली की नाचणाऱ्याचा पाय बिघडू शकतो. घरी शिकायचं ते ऐकता यावं म्हणून. जागा कुठं भरली, कुठं मुद्दाम रिकामी सोडली, हे कळायला लागतं. दाद द्यायला ‘ओले’ आहे, पण तीही गायकानं ओळ पुरी करून समेवर आणल्यावर. समेला मान हलवणाऱ्या आपल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

आता जागा. ताब्लाओ म्हणजे रोज ठरलेल्या वेळी कार्यक्रम होणारी छोटी रंगशाळा. पहिल्या दिवशी तिथंच जा, कारण गाणं, गिटार, नाच सगळं एकत्र दिसतं. जेवणासह मिळणारं तिकीट टाळा, ताटल्यांच्या आवाजात गाणं हरवतं. लाकडी फळीवरचे पाय दिसतील अशी खुर्ची मागा.

खरं ऐकायचं ते पेन्यात. पेन्या म्हणजे रसिकांचं मंडळ. ग्रानादा शहरातलं ‘ला प्लातेरिया’ 1949 पासून चालू आहे. रोज कार्यक्रम नसतो, म्हणून दारावरचा फलक वाचा किंवा विचारा. सेव्हिलहून रेल्वेनं सव्वा तासावर खेरेस गाव आहे. तिथल्या सांतियागो आणि सान मिगेल या मोहल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या गाणारी हितानो म्हणजे रोमा (जिप्सी) घराणी आहेत. रोमांच्या भाषेचं मूळ आपल्या उत्तर भारतातलं, हे आठवलं की ऐकताना गळा दाटून येतो.

खेरेसच्या एका पेन्यात मी भिंतीला टेकून बसले होते. माइक नव्हता. सत्तरीतला गायक खुर्चीच्या कडेवर बसला, डावी मूठ गुडघ्यावर दाबली आणि उजव्या हाताच्या पेरांनी टेबलावर ठोका धरला. गिटार थांबली होती. मान फुगली, आवाज आधी चिरकला, मग त्या चिरेतूनच वर गेला. माझ्यासोबत आलेला भाऊ कानात म्हणाला, “ताई, हे तं आपल्या काकड्यातल्या म्हाताऱ्यावानी हाय.” मला बोलवेना.

काळ नीट निवडा. जुलै-ऑगस्टमध्ये सेव्हिलचा पारा चाळिशी ओलांडतो, आपला अकोल्याचा मे महिनाच. फेब्रुवारी-मार्चमध्ये खेरेसचा फ्लामेंको महोत्सव असतो. सेव्हिलचा बिएनाल हा फ्लामेंको महोत्सव 1980 पासून दर दोन वर्षांनी होतो, सम वर्षाच्या सप्टेंबरात. डिसेंबरात खेरेसच्या अंगणांत शेकोटीभोवती नाताळची गाणी फ्लामेंकोच्या तालात म्हणतात, अशा बैठकींना साम्बोंबा म्हणतात. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, उशीर करू नका.

आणि कार्यक्रम संपला असं वाटलं तरी उठू नका. शेवटी सगळे कलाकार पुढं येऊन बुलेरिया धरतात. त्यात गिटारवालाही गिटार बाजूला ठेवून दोन पावलं नाचतो, आणि रात्रभर खुर्चीतून न हललेला म्हातारा गायक कोटाची दोन टोकं धरून मधोमध येतो.