अलॉय चाकं बदलताना टायरचा साइज कसा ठरवायचा

बहुतेकांचं चाकाचं डिझाइन आधी ठरतं आणि टायरचा विचार दुकानात उभं राहिल्यावर सुरू होतो. पहिल्या खेपेला माझंही तसंच झालं. चाकं आवडली, बसवली, गाडी झकास दिसू लागली. आठवडाभराने मागच्या सीटवर तीन माणसं आणि डिकीत सामान घेऊन निघालो, तर प्रत्येक गतिरोधकावर मागून खर्रकन आवाज. वाकून पाहिलं तेव्हा टायरच्या बाहेरच्या कडेवर सोलल्यासारखी रेघ उमटली होती आणि मडगार्डच्या आत वळवलेल्या पत्र्यावरचा रंग उडाला होता. रिकाम्या गाडीला मात्र तीच चाकं अगदी नीट बसली होती.

तेव्हापासून मी क्रम उलटा केला आहे. आधी टायरचं गणित, मग चाक, आणि पैसे सगळ्यात शेवटी.

१. मूळ साइज वाचा

उदाहरणासाठी १९५/६५ आर१५ ९१एच हा टायर घेऊ. १९५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. पुढचा ६५ फसवा आहे, कारण तो टक्क्यांत असतो: साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के. म्हणजे मधला आकडा तोच ठेवून नुसती रुंदी वाढवली तरी टायर उंच होतो. निम्मे घोळ इथेच होतात. 'आर' म्हणजे रेडियल, १५ हा रिमचा व्यास इंचांत, ९१ हा लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती भार पेलतो त्याचा सांकेतिक आकडा, आणि 'एच' हे वेगमर्यादेचं अक्षर.

गाडीवर आत्ता आहे तोच मूळ साइज, असं धरून चालू नका. गाडी सेकंडहँड असेल तर मुळीच नको. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीत स्टिकर असतो, नाहीतर मॅन्युअलमध्ये तक्ता असतो. त्या तक्त्यात बऱ्याचदा एकाहून जास्त साइज दिलेले असतात, कारण वरच्या व्हेरिएंटला कंपनीच मोठी चाकं देते. तुम्हाला हवा तो साइज तिथेच सापडला तर बरीचशी डोकेफोड वाचते.

२. बाहेरचा व्यास जुळवा

चाक मोठं झालं की टायरची साइडवॉल तेवढी कमी व्हायला हवी, म्हणजे एकूण उंची होती तेवढीच राहते. हिशेब शाळेतल्यासारखा सोपा आहे. १९५ चे ६५ टक्के म्हणजे १२६.७५ मिमी. साइडवॉल वर एक आणि खाली एक, म्हणून दुप्पट: २५३.५. रिमचे १५ इंच गुणिले २५.४ म्हणजे ३८१. बेरीज ६३४.५ मिमी. हा आकडा कागदावर लिहून ठेवा, पुढचं सगळं याच्याशी ताडून पाहायचं आहे.

आता १६ इंची चाकावर २०५/५५ टाकून बघा. व्यास ६३१.९ येतो, फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. १७ इंचीवर २२५/४५ घेतला तर ६३४.३, म्हणजे जवळजवळ तोच. पण कोणी 'जाडजूड दिसेल' म्हणून १६ इंचीवर २१५/६० सुचवला, तर व्यास ६६४.४ होतो. वाढ ४.७ टक्के. स्पीडोमीटरला चाकाचे फेरे तेवढे कळतात, टायर मोठा झालाय हे कळत नाही. काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी जवळपास १०५ ने पळत असेल. शिवाय टायर चारी बाजूंनी १५ मिमी वाढून मडगार्डच्या तेवढा जवळ जातो.

साधारणपणे ३ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो असं मानतात. मी स्वतः दीडच्या पुढे जात नाही, आणि फरक ठेवायचाच तर उणे बाजूला. मग काटा खऱ्या वेगापेक्षा थोडं जास्त दाखवतो, जे कमी दाखवण्यापेक्षा केव्हाही बरं. फक्त व्यास जितका घटेल त्याच्या निम्मा ग्राउंड क्लिअरन्स कमी होतो, हे लक्षात असू द्या.

३. किती इंच वाढवायचे?

गणित १७ इंचाला हो म्हणालं तरी घाई नको. १५ इंचीवर साइडवॉल १२६.७५ मिमी होती, १६ वर ११२.७५ होते आणि १७ वर १०१.२५. खड्ड्यात आदळल्यावर धक्का गिळणारी उशी तीच. दोन इंच वाढवले की अडीच सेंटीमीटर उशी गेली. मग रिम वाकते, किंवा साइडवॉलला फुगा येतो, आणि तो टायर दुरुस्त होत नाही, फेकावाच लागतो. बदल्यात वळणावर गाडी नेमकी वळते, स्टिअरिंगला प्रतिसाद चटकन मिळतो, हेही खरं. रोजच्या वापराला एक इंच पुरेसा, असं माझं मत. फोटोपुरती गाडी असेल तर गोष्ट वेगळी.

४. रिमची रुंदी तपासा

रिमवर ६.५जे, ७जे असं लिहिलेलं असतं. तो आकडा रिमच्या आतल्या रुंदीचा, इंचांत. प्रत्येक टायरला ठरावीक रुंदीचीच रिम चालते. १९५/६५ आर१५ ला साडेपाच ते सात इंच, २०५/५५ आर१६ ला साडेपाच ते साडेसात, २२५/४५ आर१७ ला सात ते साडेआठ. टायर कंपन्यांच्या तक्त्यात हे प्रत्येक साइजपुढे दिलेलं असतं. अरुंद टायर रुंद रिमवर ताणून बसवण्याची हौस काहींना असते. त्यात रिमची कड उघडी पडते, आणि हवा जरा कमी असताना जोरात वळलात तर टायर रिमवरून निसटू शकतो. ही हौस न केलेलीच बरी.

५. ऑफसेट: टायर घासण्याचं खरं कारण

माझा टायर घासला तो व्यासामुळे नव्हे, ऑफसेटमुळे. चाकाच्या रुंदीची बरोबर मधली रेघ आणि हबला, म्हणजे गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्याला, टेकणारा पृष्ठभाग, यांतलं अंतर म्हणजे ऑफसेट. चाकावर 'ईटी' लिहून पुढे मिलिमीटरचा आकडा असतो. आकडा घटला की चाक बाहेर सरकतं, वाढला की आत.

समजा जुनं चाक ६जे, ईटी४५ आहे आणि नवं ७जे, ईटी४०. ऑफसेटचा फरक पाचच, म्हणून माणूस निर्धास्त होतो. पण रुंदीही एक इंच वाढली आहे आणि ती दोन्ही बाजूंना अर्धी अर्धी वाटली जाते, म्हणजे १२.७ मिमी. बाहेरच्या बाजूला १२.७ अधिक ५, एकूण १७.७ मिमी चाक पुढे आलं. आतल्या बाजूला १२.७ वजा ५, म्हणजे ७.७ मिमी ते सस्पेन्शनकडे सरकलं. आता जुन्या चाकाजवळ बसा आणि आत स्ट्रटपर्यंत (सस्पेन्शनच्या उभ्या दांड्यापर्यंत), बाहेर मडगार्डच्या कडेपर्यंत किती जागा आहे ते मोजा. आतली जागा बोट घालूनच चाचपावी लागते. टायरही रुंद घेणार असाल तर त्याची वाढ वेगळी धरा. मागे माणसं बसल्यावर गाडी खाली दबते, तेव्हा ही जागा आणखी आक्रसते.

जागा कमी पडली की स्पेसर, म्हणजे हब आणि चाक यांच्यामध्ये घालायची चकती, सुचवला जातो. त्याने चाक बाहेर सरकतं, म्हणजे आतलं भांडण मिटतं आणि बाहेरचं सुरू होतं. योग्य ऑफसेटचं चाक शोधणंच शहाणपणाचं.

६. भार आणि वेग

साइज तंतोतंत जुळूनही इथे फसायला होतं. लोड इंडेक्स ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो. वरच्याच गाडीला २१५/४५ आर१७ बसतो, व्यासातला फरकही दीड टक्क्याच्या आतच आहे. पण हा टायर साध्या प्रकारात ८७ चा मिळतो, म्हणजे ५४५ किलो. प्रत्येक चाकामागे ७० किलोंची तूट! त्याच साइजचा एक्सएल, म्हणजे जास्त भार पेलणारा, टायर ९१ चा असतो, तो घ्यायचा. मात्र तेवढा भार पेलायला त्याला जास्त हवा लागते, म्हणून दारावरच्या स्टिकरचा जुना आकडा त्याला जसाच्या तसा लावू नका, नवा दाब टायर कंपनीच्या तक्त्यातून घ्या. वेगाच्या अक्षरांत 'एच' म्हणजे ताशी २१० किमी, 'व्ही' म्हणजे २४०. मूळच्यापेक्षा वरचं अक्षर घ्यायला हरकत नाही, खाली उतरू नका. चाकाचीही स्वतःची भारक्षमता असते. ती बहुधा मागच्या बाजूला कोरलेली दिसेल, नसेल तर विचारा.

७. बसवून पाहा

नटांचा पीसीडी, म्हणजे नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास, तंतोतंत जुळायलाच हवा; अगदी जवळच्या मापाचं चाक कधी कधी बसल्यासारखं वाटतं, पण ते धोक्याचं असतं. मधलं भोक मात्र हबपेक्षा मोठं असेल तर नेमक्या मापाची हब रिंग टाका, नाहीतर वेगात स्टिअरिंग थरथरतं. टायर घेताना त्याच्या बाजूवर 'डॉट' (DOT) ने सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे पाहा: २३२४ म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला.

चारही टायर चढवण्याआधी पुढे एक आणि मागे एक चाक लावून घ्या. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवा. मग गाडीत माणसं भरून गतिरोधकावरून सावकाश न्या, खिडक्या उघड्या आणि गाणी बंद ठेवून. आवाज आला तर तिथेच थांबा, टायर न वापरलेला असताना परत देणं सोपं जातं. सगळं ठीक असेल तर ५० ते १०० किलोमीटर चालवून नट पुन्हा टॉर्क पान्याने घट्ट करून घ्या.

आणि जुने नट टाकून देऊ नका. नव्या अलॉयचे नट बऱ्याचदा वेगळ्या आकाराच्या बैठकीचे असतात आणि ते स्टेपनीच्या लोखंडी रिमला नीट बसत नाहीत. जुन्या नटांचा संच पिशवीत घालून जॅकजवळच ठेवा.