ताकदीची गोळी मागण्याआधी या चुका टाळा

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या मेडिकलमध्ये संध्याकाळी सात ते नऊच्या गर्दीत रोज दोघं-तिघं तरी येतात आणि म्हणतात, “एक ताकदीची गोळी द्या.” कसली ताकद, किती दिवस, कुणी सांगितली, काही ठरलेलं नसतं. वीस ते तिशीतली धडधाकट पोरं-पोरी असतात. माझं उत्तर असं की दोन वेळचं नीट जेवण पोटात जात असेल आणि काही आजार नसेल, तर बहुतेकांना गोळी लागत नाही. दुकानदारच असं बोलतो म्हटल्यावर समोरचा जरा संशयानंच बघतो. ज्यांना खरंच लागते त्यांच्याबद्दल पुढं सांगतो, आधी चुका.

गेल्या पावसाळ्यात तालमीतला एक पोरगा आला. ड जीवनसत्त्वाच्या कॅप्सूलची रिकामी स्ट्रिप काउंटरवर ठेवून म्हणाला, “काका, ह्या आणि आठ द्या की, संपल्या.” स्ट्रिपवर 60,000 युनिट छापलेलं. चिठ्ठी मागितली तर तीवर स्पष्ट ‘आठवड्यातून एक’. यानं रोज रात्री एक घेतलेली. आठ आठवड्यांचा कोर्स आठ दिवसांत उरकला होता.

ही चूक मी इतक्यांदा बघितली आहे की आता स्ट्रिपवर पेनानं ‘फक्त रविवार’ लिहूनच देतो. तरुण माणसाची रोजची गरज 600 युनिटच्या आसपास, आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय रोज 4,000 च्या वर जाऊ नये असं मानतात. क आणि ब गटातलं जास्तीचं बरंचसं लघवीवाटे निघून जातं. अ, ड, ई आणि के मात्र चरबीत विरघळतात आणि शरीरात साठून राहतात. ड फार साठलं की रक्तातलं कॅल्शियम चढतं. मग सारखी तहान, सारखी लघवी, मळमळ, बद्धकोष्ठता, आणि ताणत नेलं तर किडनीवर येतं. त्या पोराला आल्या पावली डॉक्टरांकडे पाठवलं. कॅल्शियम तपासलं, ठीक निघालं. एक गोष्ट त्यानं बरोबर केली होती, कॅप्सूल म्हशीच्या दुधाबरोबर घेतली होती. सोबत स्निग्ध काहीतरी असलं की ड जास्त अंगी लागतं. उपाशीपोटी कोऱ्या चहावर घेतलेली कॅप्सूल कमी शोषली जाते.

पैलवानाला ड कशाला कमी पडेल, असं वाटेल. पण पहाटे अंधारात उठून छपराखालच्या लाल मातीत मेहनत, दुपारी खुराक आणि झोप, मग ऊन अंगावर पडणार कधी? स्कूटीवर स्कार्फ आणि सनकोट घालून जाणाऱ्या मुलींचं तेच, काचेआड बसणाऱ्यांचंही तेच. काचेतून ऊन येतं, पण ड तयार करणारे किरण येत नाहीत. बाकी कोल्हापूरच्या अक्षांशावर पावसाळा सोडला तर उन्हाची वानवा नाही.

तरीही प्रत्येकानं ‘फुल बॉडी’ पॅकेज घेऊन ड तपासत बसायची गरज नाही. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीनं 2024 मध्ये हेच सांगितलं: पन्नाशीच्या आतल्या निरोगी माणसानं रोजच्या गरजेपेक्षा जास्त ड घेऊ नये, आणि सरसकट तपासणीही करू नये. हाडं दुखतात, स्नायू लुळे वाटतात, असं काही असेल तर गोष्ट वेगळी.

थकवा आला की व्हिटॅमिन कमी, हा सगळ्यात लाडका समज. मोबाईल बघत दोन वाजता झोपणाऱ्याला कुठली गोळी पुरणार? आणि महिनाभर झोपूनही थकवा हटत नसेल तर त्यामागं रक्त कमी असणं, थायरॉईड, साखर यातलं काहीही असू शकतं. गोळ्या खात दोन-तीन महिने घालवले की निदान तेवढंच लांबतं. ‘ताकदीची सलाईन’ लावून घेणाऱ्यांचंही तसंच. पिवळ्या बाटलीनं बरं वाटतं ते बरंचसं पाणी-मीठ आणि तासभराच्या आडवं पडण्यानं. पिवळा रंग बी-टूचा. बी कॉम्प्लेक्स घेतल्यावर लघवी हळदीसारखी होते तीही त्यामुळंच. कावीळ झाली म्हणून घाबरून येणारे दरवर्षी चार-पाच तरी भेटतात.

आता ज्यांना लागते ते. बी-ट्वेल्व्ह वनस्पतींमधून मिळत नाही. मटण, मासे, अंडी, दूध यातूनच मिळतं. आठवड्याला तांबडा-पांढरा ओरपणाऱ्याला त्याची चिंता सहसा नसते. पण माळकरी, जैन, लिंगायत घरांतली पोरं, त्यातही दूध-दही न आवडणारी, इथं खरंच कमी पडतात. रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची. पेलाभर दुधातून साधारण एक मिळतं, म्हणजे गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर उभं राहून प्यालेला पेला अगदीच वाया जात नाही. हातापायांना मुंग्या, जीभ लाल होऊन झोंबणं, विसराळूपणा दिसला तर रक्त तपासा. मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तरीही तपासा. न तपासता नुसतं फॉलिक ॲसिड खात राहू नका. त्यानं रक्ताचा रिपोर्ट सुधारतो, पण बी-ट्वेल्व्हअभावी नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं.

दुसऱ्या, मुली आणि तरुण बायका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळलं. त्यामुळं हिमोग्लोबिन बघायला लाजू नका. आणि मूल हवं असेल तर फॉलिक ॲसिड दिवस राहण्याआधी निदान महिनाभर सुरू करायचं, रोज 400 मायक्रोग्रॅम. बाळाच्या मज्जारज्जूची नळी पहिल्या चार आठवड्यांत मिटते, तेव्हा बऱ्याच बायकांना दिवस गेल्याचंही धड कळलेलं नसतं.

लोहाच्या गोळीची आमच्याकडची चूक म्हणजे चहा. गोळी तोंडात टाकली की वर कप. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं. तास-दीड तास मध्ये जाऊ द्या, गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या, कॅल्शियमची गोळी दुसऱ्या वेळेला ठेवा. मळमळत असेल तर जेवणानंतर चालेल, थोडं कमी शोषलं जाईल इतकंच. शौचाला काळी झाली तर घाबरू नका, लोहानं होते.

केसांच्या गमीज (चघळायच्या गोड गोळ्या) आणि साध्या गोळ्यांत बायोटिन हे ब गटातलं जीवनसत्त्व असतं. गरज रोज 30 मायक्रोग्रॅमची, डब्यावर 5,000 किंवा 10,000. केस किती वाढतात ते सोडा, पण एवढं बायोटिन थायरॉईडचा आणि हृदयविकाराच्या ट्रोपोनिनचा रिपोर्ट चुकवू शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2017 मध्येच तसा इशारा दिला होता. रक्त द्यायच्या आधी किती दिवस थांबायचं ते डॉक्टरांना विचारा, आणि लॅबमध्ये सांगायला विसरू नका.

जिमवाल्यांची चूक बेरजेची. पावडरीत व्हिटॅमिन, वर मल्टिव्हिटॅमिन, वर बी कॉम्प्लेक्स. तिन्हीकडे बी-सिक्स. ते महिनोन्‌महिने जास्त गेलं तर हातापायांना मुंग्या येतात, आणि मुंग्या आल्या म्हणून पोरगं परत बी कॉम्प्लेक्स मागायला माझ्याकडंच येतं.

त्यामुळं डॉक्टरांकडे जाताना घरातल्या स्ट्रिपा, गमीजचा डबा, पावडरीचं लेबल सगळं पिशवीत घालून न्या. “ती लाल गोळी” एवढ्यावर कुणालाच काही कळत नाही, लाल गोळ्या माझ्या एका कपाटातच चाळीसभर आहेत.