पाळीच्या गोळीची स्ट्रिप कशी वाचावी

पाळीच्या दुखण्यावर गोळी घेताना ठळक छापलेले नाव वाचून थांबू नये, त्याखालचे बारीक अक्षरांतले घटक वाचावेत. मेडिकलवाला कात्रीने दोनच गोळ्या कापून देतो आणि घटक, बॅच क्रमांक, मुदत हे सारे बहुतेक वेळा उरलेल्या तुकड्यावर राहते. म्हणून कापण्याआधी अख्खी स्ट्रिप मागून मोबाइलवर तिचा फोटो घ्यावा.

नावावर विसंबून चालत नाही, याचे चांगले उदाहरण अमेरिकेतील ‘मायडॉल’ ही गोळी. विसाव्या शतकात तिच्यात ॲस्पिरिन व कॅफिनच्या जोडीला सिनामेड्रीन असे. इफेड्रिनच्या कुळातले हे औषध गर्भाशयाचे स्नायू सैल करील, या अपेक्षेने ते घातले जाई. पुढे घटक बदलले, नाव तेच राहिले. ॲस्पिरिन शरीरातल्या प्रोस्टाग्लँडिन या द्रव्याची निर्मिती रोखते, हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. पाळीच्या कळा मुख्यतः प्रोस्टाग्लँडिनमुळेच येतात.

आपल्याकडे मेफेनामिक ॲसिड २५० मिलिग्रॅम आणि डायसायक्लोमिन १० मिलिग्रॅम हे मिश्रण सर्रास दिसते. त्यातले पहिले प्रोस्टाग्लँडिन कमी करते, पण रिकाम्या पोटी जठराला आणि अंगात पाणी कमी असताना मूत्रपिंडाला त्रास देऊ शकते. तेव्हा चतुर्थीचा उपवास असला तरी आधी भगर खाऊन, पाणी पिऊनच गोळी घ्यावी. दुसऱ्याने पेटका सैल होतो, मात्र घामही कमी येतो. उसाच्या फडात किंवा मे महिन्याच्या उन्हात राबणाऱ्या बाईने ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी, कारण घाम आला नाही तर अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. स्ट्रिपवर तांबडी रेघ असल्यास चिठ्ठीशिवाय गोळी घेऊ नये. अल्सर, दमा, मूत्रपिंडाचा विकार किंवा दिवस राहिल्याची शंका असल्यास तर मुळीच नाही.

सोबत सर्दीची गोळी चालू असेल, तर तिचीही स्ट्रिप वाचावी. तिच्यातले फिनाइलएफ्रिन रक्तदाब वाढवू शकते.

मेफेनामिक ॲसिडमुळे क्वचित ‘ड्रेस’ नावाची तीव्र ॲलर्जी होते, असा इशारा भारतीय औषधसंहिता आयोगाने २०२३ मध्ये दिला होता. गोळी सुरू केल्यापासून दोन ते आठ आठवड्यांत ताप, अंगावर पुरळ किंवा गाठींची सूज दिसल्यास गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा, आणि १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर दुष्परिणामाची नोंद करावी.