छाटलेली एसएमएलई: आधी फोरएंड, मग बट

शिकारीसाठी पुढचं लाकूड छाटलेली .३०३ एसएमएलई (शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड ही जुनी ब्रिटिश लष्करी रायफल) मूळ रूपात आणण्यासाठी हाती आली, की आधी बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा) उघडून चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, रिकामं आहे ना, हे डोळ्यांनी आणि बोटानेही तपासा. बोल्टवरचा नंबर रिसिव्हरशी (बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या भागाशी) जुळत नसेल तर हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टचं तोंड आणि काडतुसाची कड जिथे टेकते ती जागा यांतलं अंतर मोजा, ०.०७४ इंचाच्या मोजमापी गेजवर बोल्ट बंद झाला, तर ती गनस्मिथकडेच न्यावी.

लाकूड उतरवताना बटला (खांद्याला टेकणाऱ्या मागच्या लाकडाला) आधी हात लावू नका. बट धरून ठेवणाऱ्या लांब स्क्रूचं (यालाही बोल्टच म्हणतात) चौकोनी टोक फोरएंडच्या, म्हणजे नळीखालच्या पुढच्या लाकडाच्या, मागच्या पट्टीत बसलेलं असतं. फोरएंड जागेवर असताना तो स्क्रू फिरवला, की लाकूड चिरलंच म्हणून समजा.

गंजावर तेल आणि ०००० (अगदी बारीक) स्टील वूल, हलक्या हाताने. लाकडाला सँडपेपर नको, शिक्के जातात. जवसाचं तेल पातळ चोळा. नळीच कापलेली असेल, तर मूळ रूपाचा नाद सोडा.